टोकियो डिस्ने रिसॉर्टचे अधिकृत ॲप: काही महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. नदी ओलांडली की पलीकडे उरायासू शहर आणि तिथेच टोकियो डिस्ने रिसॉर्ट, त्यामुळे पुण्या-मुंबईहून कोणीही आले की तिथे नेण्याची जबाबदारी आमच्याकडे येते. या निमित्ताने रिसॉर्टचे ॲप गेले काही महिने सतत वापरात आहे. नवख्या कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझ्या मते या ॲपचा खरा उपयोग उद्यानात पोहोचण्याच्या आधी होतो. कोणती राइड दुरुस्तीसाठी कधी बंद राहणार, हे त्यात तारखेनिशी आधीच जाहीर होते आणि तिकीट काढण्यापूर्वी ते वाचणे अत्यंत आवश्यक आहे. जुन्या आठवणींवर विसंबून येणाऱ्यांना स्पेस माउंटन हवे असते. परंतु १९८३ मध्ये डिस्नेलँड उद्यानासोबतच सुरू झालेली ती राइड ३१ जुलै २०२४ रोजी कायमची बंद झाली असून तिच्या जागी नवी बांधली जात आहे, जी २०२७ मध्ये खुली होणार असल्याचे जाहीर झाले आहे. २०२४ च्याच ऑक्टोबरअखेर बझ लाइटइयरची राइडही कायमची थांबली. मुलांना हे घरीच समजावून सांगितले, तर दारात हिरमोड होत नाही. तिकिटांचे दरही २०२१ पासून दिवसागणिक बदलतात. तारखांचा तक्ता उघडला की साधा मंगळवार आणि सुट्टीचा शनिवार यांतील फरक लगेच कळतो, आणि चौघांच्या कुटुंबाला तो चांगलाच जाणवतो.

सर्वांत मोठा बदल मला डिस्नेसी या रिसॉर्टच्या दुसऱ्या उद्यानातील फँटसी स्प्रिंग्ज विभागाच्या बाबतीत जाणवला. ६ जून २०२४ रोजी हा विभाग सुरू झाला तेव्हा तिथल्या राइडसाठी नुसते रांगेत उभे राहून चालत नसे. ॲपवर मोफत स्टँडबाय पास (ठरलेल्या वेळी रांगेत शिरण्याची परवानगी) मिळवावा लागे किंवा पैसे भरून प्रीमियर ॲक्सेस (कमी प्रतीक्षेचा प्रवेश) घ्यावा लागे. मोफत पास सकाळीच संपत, म्हणून आत पाऊल टाकताच सगळ्यांच्या माना मोबाइलवर झुकलेल्या असत. १ एप्रिल २०२५ पासून तिथे नेहमीच्या रांगा सुरू झाल्या. रांग लांब असते हे खरे, पण आजी-आजोबांना घेऊन आलेल्या माणसाला निदान आपली पाळी येणार याची खात्री असते, आणि मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो.

प्रीमियर ॲक्सेस दर वेळी घ्यावाच असे नाही. तो माणशी आणि राइडगणिक घ्यावा लागतो, साधारण १,५०० ते २,००० येन पडतात. शिवाय तिकिटाचे पैसे वेगळे. पाहुण्यांकडे एकच दिवस असेल, तर एखाद्या राइडपुरता तो घेणे मला पटते. त्याआधी उंचीची अट मात्र तपासावी. पीटर पॅनच्या राइडला किमान १०२ सेंटिमीटर उंची लागते. आमच्या धाकटीला तिथल्या मोजपट्टीखाली उभे केले तेव्हा तिच्या डोक्यावर दोन बोटे जागा उरली होती; अशा वेळी कर्मचाऱ्यांना सांगितले, तर आई-वडिलांना पुन्हा रांग न लावता आळीपाळीने बसता येते.

प्रतीक्षेच्या वेळा दाखवणारा नकाशा विश्वासार्ह आहे. मिनिटे बदलतात, परंतु कोणत्या बाजूला जावे याचा अंदाज सहसा चुकत नाही. जेवणाची आगाऊ नोंदणीही ॲपवरूनच होते. शाकाहारी मंडळींसाठी पर्याय मोजके असल्याने पदार्थांची यादी आदल्या रात्रीच वाचून ठेवलेली बरी. काही कार्यक्रमांच्या जागा सोडतीने मिळतात आणि एका कार्यक्रमासाठी दिवसातून एकदाच प्रयत्न करता येतो, म्हणून सर्वांची तिकिटे एकाच गटात जोडल्याची खात्री करूनच ते बटण दाबावे.

भारतातून येणाऱ्यांसाठी दोन सूचना. आमच्या एका नातेवाइकांचे कार्ड पैसे भरताना चालले नाही, कारण बँकेचा ओटीपी रोमिंगवर पोहोचतच नव्हता; त्यामुळे प्रवासाला निघण्यापूर्वी तिकिटे घरूनच काढावीत. दुसरे म्हणजे पॉवर बँक प्रत्येकाजवळ असावी, कारण तिकीट, नकाशा, नोंदणी आणि छायाचित्रे हे सारे एकाच फोनवर चालते आणि दुपारनंतर बॅटरी झपाट्याने उतरते.