खोगीर तपासणी: घोडी उसळायची थांबली, पण लगेच नाही

माझी घोडी दुडक्या चालीत गरीब गाय. डाव्या हाताला कँटर (दुडकीपेक्षा वेगाची, झेपांची चाल) धरली की मात्र डोकं खाली, पाठीची कमान आणि मागचे पाय हवेत. दोनदा माती खाल्ली. सगळ्यांचं निदान एकच, "माजलीय, दाणा कमी कर." दाणा तोडला, घोडी वाळली, उसळ्या तशाच. शेवटी या खोगीर तपासणाऱ्यांना बोलावलं.

फोनवरच त्यांनी अट घातली: आधी पशुवैद्याकडून पाठ, दात, पाय तपासून घ्या, मगच येतो. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, सगळ्यात जास्त गुण याच अटीला द्यावेत.

आल्यावर खोगिराला हातच लावला नाही. आधी उघड्या पाठीवरून बोटं दाबत नेली. डाव्या खांद्याच्या पात्यामागे बोट टेकलं आणि घोडीने पाठ खाली टाकली, कान मागे. मग खाली काहीही न घालता खोगीर ठेवलं आणि गादीखाली हात सरकवायला लावला, माझाच. पुढे बोट शिरेना, मध्ये अख्खा तळवा आरपार! म्हणजे माझा भार फक्त पुढच्या-मागच्या टोकांवर. कँटरमध्ये पातं मागे सरकतं, ते प्रत्येक ढांगेला खोगिराच्या आतल्या सांगाड्याच्या टोकावर आपटायचं. आणि मी शहाणी, फट भरायला खोगिराखाली जाड नमदा घालून तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आणखी आवळत होते. घट्ट बुटात दोन मोजे.

त्यांनी सांगाडा रुंद केला, गादीतली लोकर उपसून नव्याने भरली. 'खोगीरभरती' म्हणून आपण उगाच हिणवतो. इथे सगळी करामत भरतीचीच.

आता तक्रार. घोडी यानंतरही काही दिवस दुखण्याच्या भीतीने उसळेल, हे कुणी सांगितलंच नाही. पहिल्याच कँटरला पुन्हा तेच, आणि मी खोगिराला शिव्या घालत बसले. डोकं खाली जायच्या आत एका लगामाने तोंड बाजूला वळवायचं, मागे टेकून बसायचं आणि तिला थांबू न देता पुढे काढायचं, हे माझं मीच जमवलं. शिवाय नवी लोकर दबते, म्हणून पुन्हा तपासणी लागते. त्यासाठी तीन फोन करावे लागले.

पाचपैकी साडेतीन. बोलावणार मात्र यांनाच. काल खोगीर उतरवलं, तर डाव्या पात्यामागचा बशीएवढा भाग, जो दाबामुळे कायम कोरडा राहायचा, तोही घामाने ओला होता.