तळ्याकाठी बाग की तळ्यापर्यंत वाट?

तुमच्या प्रभागात एखादं तळं असेल आणि पालिकेने सुशोभीकरणासाठी सूचना मागवल्या असतील, तर बैठकीत बहुधा दोन मागण्या पुढे येतात. पहिली म्हणजे तळ्याला वळसा घालणारा पक्का ट्रॅक आणि काठालाच लागून उद्यान. दुसरी म्हणजे वस्तीतून, टेकडीवरून, ओढ्याकाठाने तळ्याकडे येणाऱ्या वाटा जोडायच्या आणि बाग लहान ठेवून काठापासून मागे घ्यायची. दोन्हीला पुरेल एवढा निधी क्वचितच मिळतो. माझं मत दुसऱ्या मागणीकडे झुकतं, पण पहिलीतही दम आहे.

पक्क्या ट्रॅकवर पावसाळ्यात पाय घसरत नाही, व्हीलचेअर आणि बाबागाडी सहज जाते, गुडघेदुखीने त्रासलेली आई निर्धास्त चालते. ठाण्याच्या तलावपाळीसारखं शहराच्या मधोमध असलेलं, चारी बाजूंनी रस्त्यांनी वेढलेलं तळं असेल तर मी डोळे झाकून हाच पर्याय घेईन. तिथे काठ आधीच बांधलेला आहे. नुकसान व्हायला फारसं काही उरलेलं नाही.

काठ अजून मातीचा असेल तर मात्र पवईची आठवण ठेवा. 1891 साली बांधलेल्या पवई तलावाभोवती मुंबई महापालिकेने सायकल आणि जॉगिंग ट्रॅक आखला. जाळीत दगड भरून रचायचे, म्हणजे पाणी आरपार जाईल, असा बचाव होता. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2022 रोजी ते काम बेकायदा ठरवलं आणि झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. पाणथळ जागांच्या नियमांचं सूत्र असं की गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत बोटीचा धक्का सोडून कायमचं बांधकाम करायचं नाही. ट्रॅक काठाला चिकटवण्याचा आग्रह धरला तर निधी, वर्षं आणि काठ, तिन्ही हातचे जाऊ शकतात.

हे 50 मीटर वाया गेले असं समजू नका. पाणकणीस, गाळ, अर्धवट बुडालेली झुडपं आपल्याला कचऱ्यासारखी दिसतात, पण हळदकुंकू बदक त्यातच पिलं लपवतं. पुण्याच्या पाषाण तलावावर एका सकाळी जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याचा देठ पायात धरून सोलताना मी पाहिली, अगदी आपण ऊस सोलतो तशी. तिथे सिमेंटची भिंत असती तर ती तिथे नसतीच.

जोडवाटांचा मुद्दा पाषाणलाच नीट कळतो. रामनदी भूगाव, बावधन करत या तलावात येते आणि पुढे सोमेश्वरवाडीकडून मुळेला मिळते. एका बाजूला बाणेर-पाषाण टेकडी, दुसऱ्या बाजूला महामार्ग. नदी, तळं, टेकडी, देऊळ, सगळं चालण्याच्या अंतरात आहे. अडतं ते मधल्या रस्त्यांवर. हातात काठी घेतलेल्या एक आजी दुभाजकाच्या फटीतून वाट काढत होत्या. गाड्यांची रांग संपायची वाट बघून त्या शेवटी मागे फिरल्या. तळं तिथून दोनशे पावलांवर होतं. अशा माणसाला काठावरचं कारंजं काय कामाचं? त्यांना हवा होता सिग्नल, उतार असलेला फुटपाथ आणि रस्त्याच्या मध्यात उभं राहायला सुरक्षित जागा. म्हणून वाट जोडायची म्हणजे नुसती पायवाट आखायची नाही; रस्ता ओलांडायची सोय हा तिचा सगळ्यात महत्त्वाचा तुकडा.

मातीच्या वाटेची उणीवही लपवत नाही. मुरूम दरवर्षी वाहून जातो, आडवे चर काढले नाहीत तर पहिल्याच पावसात घळ पडते. देखभालीची तरतूद आराखड्यातच लिहून घ्या. आणि निदान एक वाट, प्रवेशद्वारापासून पाणी दिसेल अशा ठिकाणापर्यंत, व्हीलचेअरला चालेल अशी घट्ट आणि सपाट हवीच: 1.8 मीटर मोकळी रुंदी, रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नको. सगळीकडे नाही जमलं तरी हे जमतं.

दिव्यांवरून वाद होतोच. बायकांना अंधारी वाट नको, हे रास्त आहे. पक्ष्यांना रात्रभर उजेड नको, हेही. मी दिवे वस्तीतल्या जोडवाटांवर आणि फाटकांपाशी मागेन आणि काठ अंधार पडल्यावर बंद ठेवायला सांगेन.

दोन्ही पर्यायांच्या आधी सांडपाण्याचं विचारा. रंकाळ्याला काय कमी आहे? चौपाटी आहे, पद्माराजे उद्यान आहे, शेजारी शालिनी पॅलेस आहे. तरीही नाल्यांचं पाणी मिसळत राहिलं आणि कोल्हापूरकरांना जलपर्णी आणि दुर्गंधीशी वर्षानुवर्षं झुंजावं लागलं. नाले वळवण्याचं काम आराखड्यात नसेल तर बागेवर सही करू नका.

बैठकीला जाण्याआधी एक काम आत्ताच उरका. भर पावसाळ्यात पाणी जिथवर चढेल तिथल्या दगडावर चुन्याची खूण करा, तारखेसह फोटो काढा. आराखडा दाखवायला माणसं उन्हाळ्यात येतात, तेव्हा तळं निम्मं आटलेलं असतं आणि 50 मीटरची मोजपट्टी कोरड्या गाळातून धरली जाते.