कोटपाचं एक दिवसाचं ट्रेनिंग: शिकवलं झकास, पण पावती फाडणार कोण?

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याला पंचायत समितीच्या हॉलमध्ये कोटपाचं, म्हणजे सिगारेट-तंबाखूच्या कायद्याचं, ट्रेनिंग झालं, एक दिवसाचं, विषय काय तर सार्वजनिक जागेत बिडी-सिगारेट ओढणाऱ्यावर कारवाई कशी करायची. मी आरोग्य सेवक, गोंदिया जिल्ह्यातला. अशी ट्रेनिंगं ढिगानं केलीत, त्यामुळं जाताना आशा फक्त तर्री-पोह्याची होती. पोहे थंड निघाले, ट्रेनिंग मात्र चांगलं निघालं, म्हणून लिहून राहिलो.

शिकवायला जिल्ह्यावरून एक मॅडम आणि एक दादा आले होते. पहिला तास पीपीटीचा, तो नेहमीसारखाच. कायदा 2003 चा, सार्वजनिक जागेतल्या धूम्रपानाचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू, कलम 4 मोडलं तर 200 रुपयांपर्यंत दंड, एवढं आम्हाला पाठच होतं. एक स्लाइड मात्र डोक्यात राहिली, 2016-17 च्या सर्व्हेची. महाराष्ट्रात तंबाखू घेणारी मोठी माणसं 26.6 टक्के, ओढणारे फक्त 3.8 टक्के आणि खाणारे 24.4 टक्के, काही जण दोन्ही करणारे. मागून कोणीतरी म्हणलं, "मॅडम, आमच्याकडं तर खर्राच चालते, धूर कोण काढते?" हॉल हसला. (खर्रा म्हणजे तंबाखू घालून घोटलेली सुपारी.) मॅडमही हसल्या आणि म्हणल्या की खर्रा ज्याच्या तोंडात त्याला खाते, बिडीचा धूर बाजूच्या टेबलावरच्या लेकरालाही खाते, म्हणून आजचा दिवस धुराचा, खर्र्यासाठी वेगळं बसू. एका आशाताईनं तेंदूपत्त्याचं काढलं, मे महिन्यात घरातले सगळे पहाटे जंगलात जातात, पुडके बांधतात, त्या पैशात पोरांचे कपडे-पुस्तकं होतात, आणि आता आम्हीच बिडीवर दंड करायचा का? दादा म्हणले दंड ओढण्यावर आहे, पत्ता तोडण्यावर नाही. कायद्यानं उत्तर बरोबर आहे. ताई गप्प बसल्या, पटलं असं काही वाटलं नाही.

जेवणात आलू-वांगं, वरण-भात. जेवून आमच्यातलाच एक जण आवारातल्या कडुनिंबाखाली बिडी पेटवून बसला आणि बाकीचे त्याच्या मागं लागले, पकडा रे याले! दादा तिथंच आले आणि भर उन्हात शिकवणी सुरू. उघडी जागा कायद्याच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळं झाडाखाली दंड नाही. पण बसस्टँड, रेल्वे स्टेशन, स्टेडियम उघडं असलं तरी येते. ऑफिस, दवाखाना, शाळा, हॉटेल, कँटीन, बार हे तर येतंच. मग त्याला म्हणले, "आता तीच बिडी घेऊन हॉलमध्ये चला बरं." गडी लाजून विझवून आला. दहा स्लाइडीत जे समजलं नसतं ते पाच मिनिटांत समजलं.

खरा माल दुपारनंतर होता. चार-चार जणांचे गट करून आम्हाला जवळच्या भोजनालयात नेलं. मला वाटलं ओढणाऱ्याला पकडायचं. मॅडम म्हणल्या नाही, आधी गल्ल्यावर जा. बोर्ड कुठं आहे? बोर्ड 60 बाय 30 सेंटिमीटरचा पाहिजे, दारावर दिसला पाहिजे आणि तक्रार कोणाकडं करायची त्याचं नाव त्यावर पाहिजे. बोर्ड होता, पण कॅलेंडरच्या मागं, आणि नावाची जागा कोरी. टेबलावर ॲशट्रे, माचिस ठेवता येत नाही, इथं भज्याच्या बशीत थोटकं पडलेली. मालक म्हणे, "मी कायले सांगू, गिऱ्हाईक पळते ना साहेब." तेव्हा मॅडमनी शांतपणे सांगितलं की तक्रार येऊनही तुम्ही काही केलं नाही तर जितके लोक ओढताना सापडतील तितक्यांचा दंड तुमच्यावर. कोपऱ्यात तिघं ओढत होते. मालकानं मनातल्या मनात 600 चा हिशेब केला असावा, कारण पुढच्या मिनिटाला तोच त्यांना म्हणला, "बाबूजी, जरा बाहेर बसा ना." एकही पावती फाटली नाही आणि खोली मोकळी झाली. चौदा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं की जागा ज्याच्या ताब्यात त्यालाच धरायचं, मी आपला बिडीवाल्यांच्या मागं धावत होतो.

स्मोकिंग रूमचंही समजलं. लॉज-हॉटेलात ती सोय निदान 30 खोल्यांचं लॉज किंवा निदान 30 खुर्च्यांचं हॉटेल असेल तरच, आणि तीही चारी बाजूंनी छतापर्यंत भिंत, आपोआप लागणारं दार, धूर बाहेर फेकणारा पंखा असं सगळं असेल तर. आमच्या इथं पडदा लावून "स्मोकिंग झोन" लिहिणारे आहेत, त्यांना आता हे सांगता येईल.

आता नाराजी. दंड कोण करू शकते त्याची यादी दाखवली: प्राथमिक आरोग्य केंद्राचे एमओ (मेडिकल ऑफिसर), सरपंच, ग्रामसेवक, शाळेत हेडमास्तर, पोस्टात पोस्टमास्तर. त्या स्लाइडीवर आरोग्य सेवक शोधून शोधून सापडला नाही. आणि हॉलमध्ये कोण बसलं होतं? आम्ही सेवक, आशाताई आणि दोन सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी). एमओ साहेबांना मीटिंग म्हणून आम्हाला पाठवलं, सरपंच एकच आले आणि फोटो झाल्यावर गेले. ज्याच्या हातात पेन तो आलाच नाही, आणि जे आले त्यांच्या हातात पावती बुक नाही. फीडबॅक फॉर्ममध्ये हे लिहिलं तर दादा म्हणले वर कळवतो.

दुसरं, परमिट रूमचा विषय उडवला. बार कायद्यात येतात हे सांगितलं, पण तिथं धूर रात्री नऊला होते आणि आमची ड्यूटी सहाला संपते, मग रात्री आतमध्ये आरोग्यवाल्यानं एकट्यानं जायचं का पोलीस सोबत घ्यायचे, यावर "समन्वयानं करा" एवढंच उत्तर. आणि ज्याला आज दंड करायचा त्याच्याच घरी उद्या लेकराच्या लसीकरणाला जायचं असते. गावात ही अडचण कायद्याहून मोठी आहे बाप्पा, तिच्यावर अर्धा तास तरी द्यायला पाहिजे होता.

5 पैकी साडेतीन स्टार. दुपारच्या सेशनला एकट्याला पाच.

पुढच्या बॅचवाल्यांनो, एमओ आणि ग्रामसेवकाला ओढून का होईना सोबत न्या. बोर्ड मोजायला टेप घरून घ्या, आमच्या गटानं शाळेच्या पट्टीनं मोजला. आणि दहाच्या आत पोहोचा, तेव्हा पोहे गरम असतात म्हणे.