कापडी झेंडूचं तोरण: दसऱ्यापासून पोळ्यापर्यंत वापरून पाहिलं

मागच्या दसऱ्याच्या चार दिवस आधी आमच्या नागपुरातल्या सीताबर्डीवरून दोन तोरणं आणली, एक कापडी झेंडूचं ३५० ला आणि एक लोकरीचं विणलेलं ६०० ला. सासूबाई म्हणे, "अवं, काहून एवढे पैसे टाकून राहिली, आंब्याचे पानं बांधले का झालं." पण आमचं दार पश्चिमेला, खरा झेंडू सकाळी बांधला की संध्याकाळपर्यंत माना टाकतो, म्हणून घेतलंच.

दसरा-दिवाळी मस्त गेली, दोघीतिघींनी तर हात लावून पाहिलं खरी फुलं आहेत का म्हणून. फक्त ते चिकटवायचे हुक घेऊ नका, पहिल्याच रात्री तोरण हुकासकट खाली, शेवटी चौकटीला दोन बारके खिळे ठोकले. आणि माप घेऊन जा बाप्पा, दार साडेतीन फुटाचं अन् तोरण तीनच फुटाचं निघालं.

दिवाळीनंतर आळसाने ते झेंडूचं संक्रांतीपर्यंत तसंच राहू दिलं, तर उन्हाकडची बाजू पिवळट आणि मागची अजून कडक केशरी. तेही चाललं असतं. खरी वाट लागली ती ठेवण्यात. पाडव्याला लावून काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि सज्ज्यावर टाकलं. आता सज्जा म्हणजे वरच्या स्लॅबला लागूनच, आणि नागपूरचा मे, बाहेर ४५ तर तिथे भट्टी. पोळ्याच्या आदल्या दिवशी पिशवी उघडली तर ग्लू गनचा गोंद मऊ होऊन फुलं एकमेकांना चिकटून तशीच घट्ट झालेली, ओढलं की पाकळ्या हातात. पितळी म्हणून दिलेले घुंगरू लोखंडाचे निघाले, पावसाळ्यात गंजून त्यांचे डाग पानांवर, वरून पिशवीच्या तोंडाशी पालीची दोन अंडी.

सासूबाई काय सोडतात, "पोळ्याले तोरण तुटतेच, तुझं एक दिवस आधी तुटलं." (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे बैल तोरणाखाली उभे करतात, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी होतात, मग तोरण तोडलं की पोळा फुटतो.)

लोकरीचं मात्र त्याच सज्ज्यावर, त्याच उन्हाळ्यात होतं आणि त्याला काहीच झालं नाही, कारण त्यात गोंदच नाही, सगळं दोऱ्याने शिवलेलं. शॅम्पूच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवलं की धूळ गेली. म्हणून घेताना तोरण उलटं करून पाहा, मागे गोंदाचे पारदर्शक ठिपके दिसले तर सोडा.

आता कापड दुकानातून थानाची रिकामी पुठ्ठ्याची नळी मागून आणलीये, त्यावर तोरण गुंडाळते, वरून जुनी सुती साडी, आत कडुनिंबाची वाळलेली पानं, आणि सगळं खालच्या दिवाणात. दाराला टांगायचं ते गोल रिंगवालं जावेने दिलंय, ते असं गुंडाळता येत नाही, दबलं की वाकडं होतं, म्हणून कपाटात हँगरला अडकवलंय, साड्यांच्या मध्ये.

लोकरीच्याला साडेचार स्टार, अर्धा कापला कारण रुंदीला अर्धा फूट कमीच पडतं. झेंडूच्याला दीड.