ग्रेड आठनंतर: मैफल की शिकवणी?

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांतली शेवटची, म्हणजे आठवी ग्रेड पार पडली की क्लासिकल गिटारवाली मुलं हमखास विचारतात: वाजवून पोट भरेल, की शेवटी शिकवावंच लागेल? त्या ‘शेवटी’त आणि ‘च’मध्येच सगळी गडबड आहे.

आधी व्हायोलिनवाल्याकडे बघा. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. उत्तम व्हायोलिन वाजवणाऱ्याला निदान तिथली खुर्ची तरी खुणावते. गिटारला जगातल्या कुठल्याच ऑर्केस्ट्रात कायमची खुर्ची नाही. आवाजच लहान. स्पॅनिश संगीतकार रोद्रिगोचा ‘आरानह्वेस’ हा गिटार आणि ऑर्केस्ट्रासाठीचा कॉन्चेर्तो असेल तेव्हा पाहुणा म्हणून बोलावतात, झालं. म्हणजे मैफलीची वाट धरली की एकट्याने स्टेजवर बसायचं, आणि पुढची मैफलही आपणच शोधायची. बाहेर नाव करायचं तर स्पर्धा आल्या. गिटार फाउंडेशन ऑफ अमेरिकाच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्याला मैफलींचा दौरा आणि रेकॉर्डिंग मिळतं. पहिला येतो एकच.

शिवाय हा धंदा बोटांवर चालतो. अमेरिकन गिटारवादक डेव्हिड लाइझनरच्या उजव्या हाताला फोकल डिस्टोनिया, म्हणजे स्नायूंवरचा ताबा सुटण्याचा विकार झाला, बोटं ऐकेनाशी झाली आणि कित्येक वर्षं मैफली बंद पडल्या. तंत्र मुळापासून बदलून तो परत उभा राहिला. आपलं तर नख तुटलं तरी आठवडा जातो.

शिकवणीत पैसा महिन्याच्या महिन्याला येतो. मे महिना सोडून. दहावीचं वर्ष आलं की चांगला तयार झालेला विद्यार्थीही गायब होतो. निम्म्यांना हिंदी गाण्याचे कॉर्ड्स हवे असतात, त्यांना जुन्या गिटार-संगीतकार सोरचे अभ्यास (सरावाच्या रचना) वाजवायला लावणं म्हणजे रोजची समजूत घालणं. पण दुसऱ्याचा अंगठा सुधारताना आपला कुठे चुकतो ते लख्ख दिसतं. हे मैफल शिकवत नाही.

आणि शिकवणं म्हणजे हार, हे कोणी सांगितलं? स्पॅनिश गिटारवादक तारेगाने शिकवलं म्हणून ल्योबेत आणि पुजोलसारखे वादक घडले. गिटारला जगभर मैफलीत नेणारा सेगोविया ऐन कीर्तीत असताना इटलीतल्या सिएनात आणि स्पेनमधल्या सँतियागो दे कोंपोस्तेलात शिकवत होता. न्यूयॉर्कच्या जुलियर्ड संगीतशाळेचा गिटार विभाग १९८९ मध्ये गिटारवादक शॅरन इस्बिनने सुरू केला, मैफली न सोडता.

माझं मत एकतर्फी आहे. घरचं कोणी चार-पाच वर्षं खर्च उचलणार असेल आणि वय विशीच्या आसपास असेल, तर बेधडक बाहेर शिकायला जा, स्पर्धा द्या. नाहीतर शिकवणीने सुरुवात करा, वर्षाला एक तरी पूर्ण कार्यक्रम बसवा, मग तो पन्नास खुर्च्यांच्या हॉलमध्ये का होईना. फक्त संध्याकाळी पाचच्या आधी क्लास लावू नका, तो वेळ स्वतःच्या सरावाचा. मी एका वर्षी दुपारी तीनपासून लावले होते. त्या वर्षी बसवायला घेतलेला बाखचा फ्यूग (एकात एक गुंफलेल्या सुरावटींची अवघड रचना) अजून दुसऱ्या पानावरच आहे.