जमिनीखालच्या वाहिन्या शोधून देणारी सेवा: फोंड्यातील आमच्या सोसायटीचा अनुभव

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या ४० घरांच्या सोसायटीत गेल्या एप्रिलमध्ये नवी जलवाहिनी टाकायची होती. फाटकाजवळच्या मीटरपासून मागच्या बाजूला बांधलेल्या टाकीपर्यंत ५५ मीटर लांब आणि एक मीटर खोल चर खोदायचा होता. खोदकाम सुरू होण्यापूर्वी जमिनीखालच्या केबली आणि नळ शोधून देणाऱ्या एका सेवेला आम्ही बोलावले, आणि त्या कामाचे हे परीक्षण आहे. सोसायटीचा सचिव या नात्याने दरपत्रक मागवण्यापासून चर बुजवेपर्यंत मी प्रत्येक टप्प्यावर हजर होतो. सेवेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण असे काम कोणाकडूनही करून घेताना काय पाहावे आणि काय विचारावे, हे वाचकाला कळणे मला अधिक गरजेचे वाटते.

या खर्चाला सभेत कोणीही विरोध केला नाही, कारण दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ सगळ्यांच्या लक्षात होती. गटाराच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या जेसीबीच्या बकेटचा दात इमारतीकडे येणाऱ्या विजेच्या केबलमध्ये घुसला. मोठा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, आणि संरक्षक यंत्रणेने त्याच क्षणी प्रवाह तोडला म्हणूनच चालकाला इजा झाली नाही. केबलला सांधा बसवून वीज परत येईपर्यंत २६ तास गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना प्राणवायू पुरवणारे यंत्र विजेवर चालत असे. त्यांना शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवले आणि नातेवाइकांच्या घरी पोचवले. दुरुस्तीला ६८,००० रुपये लागले, पण त्या दिवसाची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांसमोर येतो तो बकेटच्या दातावरचा काळा डाग आणि त्याकडे पाहत निश्चल उभा राहिलेला तो तरुण चालक. तसे पाहता फोंडा तालुक्यातल्या माणसाला वाहिनी फुटणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुर्टी-खांडेपार येथे महामार्गाच्या कामाच्या परिसरात जमीन खचून ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाकडून पणजीला जाणाऱ्या मुख्य जलवाहिन्या फुटल्या, आणि भर पावसाळ्यात राजधानीवर काही दिवस पाण्यासाठी टँकरची वाट पाहण्याची वेळ आली.

आम्ही घेतलेल्या सेवेचे दरपत्रक २२,००० रुपये अधिक जीएसटी असे होते. दोन तंत्रज्ञ, एक दिवसाचे काम आणि दोन दिवसांत आराखड्यासह अहवाल, असे त्यात लिहिले होते. फोनवर बोलणाऱ्या गृहस्थांनी मात्र ‘आमच्या यंत्रातून काहीही सुटणार नाही’ असे ठामपणे सांगितले, आणि ते विधान चुकीचे होते. याविषयी पुढे लिहिले आहे.

तंत्रज्ञ येण्यापूर्वी आम्ही आमच्या बाजूची तयारी केली. वीज आणि पाणीपुरवठ्याच्या स्थानिक कार्यालयांत लेखी अर्ज दिले आणि केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपवर खोदकामाची सूचना नोंदवली. हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाले. अशा अनियोजित खोदकामामुळे देशात दरवर्षी ऑप्टिकल फायबर सुमारे १० लाख वेळा तुटते आणि जवळपास ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारने त्या वेळी सांगितले होते. ॲपवर जागा, तारीख आणि कामाचे स्वरूप भरले की त्या भागात ज्यांच्या वाहिन्या नोंदवलेल्या आहेत त्यांना संदेश जातो आणि त्यांच्याशी थेट बोलता येते. आमच्या सूचनेनंतर एका दूरसंचार कंपनीचा माणूस येऊन फाटकापर्यंतची आपली वाहिनी दाखवून गेला. दुसऱ्या एका कंपनीकडून उत्तर आले नाही. ॲप उपयोगी आहे आणि ते प्रत्येकाने वापरावे, पण त्याचा आवाका नीट समजून घेतला पाहिजे. ते वाहिनीच्या मालकाला सावध करते. आवाराच्या आत बिल्डरने टाकलेल्या केबली, गेल्या २५-३० वर्षांत प्लंबरांनी बदललेले नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या यांची नोंद अशा कोणत्याही व्यवस्थेत नसते. अमेरिकेत ८११ या क्रमांकावर फोन केला की वाहिन्यांचे मालक येऊन खुणा करून देतात, पण तिथेही घरमालकाच्या स्वतःच्या वाहिन्या बहुधा त्यातून वगळलेल्या असतात. आवारातल्या शोधासाठी वेगळे पथक बोलवावे लागते ते यामुळेच.

तंत्रज्ञ सकाळी साडेआठला आले, आणि पहिला दीड तास त्यांनी कोणतेही यंत्र बाहेर काढले नाही. ही गोष्ट मला या सेवेत सर्वांत जास्त आवडली. त्यांनी आवारातली सगळी चेंबरे उघडून पाहिली, कोणता पाइप कोणत्या दिशेने येतो ते खडूने जमिनीवर लिहिले, मीटरघरातून खाली उतरणाऱ्या केबली मोजल्या आणि सोसायटीच्या फायलीतला मंजूर नकाशा मागितला. त्यानंतर त्यांनी ‘इथले जुने काम कोणी केले?’ असे विचारले. आमच्याकडे १९९६ पासून येणारे प्लंबर आता सत्तरीला आले आहेत. त्यांना बोलावून आणले, तेव्हा त्यांनी मंजूर नकाशात सरळ दाखवलेली केबल प्रत्यक्षात फणसाच्या झाडाला वळसा घालून गेली असल्याचे सांगितले. झाड तोडायला त्या वेळच्या जागामालकाने नकार दिला होता, एवढेच त्याचे कारण. नकाशा मात्र कोणी बदलला नाही.

मग केबल शोधण्याचे यंत्र बाहेर आले. याचे दोन भाग असतात. ट्रान्समीटर ठरावीक वारंवारितेचा संकेत वाहिनीत सोडतो, आणि हातात धरून चालायचा रिसीव्हर त्या संकेताचे चुंबकीय क्षेत्र जमिनीवरून पकडतो. वीज खात्याच्या लाइनमनने पिलर, म्हणजे केबली जोडलेली विजेची पेटी, उघडून दिल्यावर तंत्रज्ञांनी केबलभोवती चिमट्यासारखी कडी लावली. त्यामुळे वीज बंद न करता संकेत सोडता आला. अर्ध्या तासात जमिनीवर लाल रेघ उमटली, आणि ती नकाशापेक्षा १.८ मीटर सरकलेली, म्हणजे आम्ही ठरवलेल्या चराच्या बरोबर मधून जाणारी होती. प्लंबरांची आठवण तंतोतंत खरी निघाली. लोखंडी नळासाठी ट्रान्समीटरची एक तार थेट नळाला आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळीला जोडली, तेव्हा निळी रेघ १४ मीटर व्यवस्थित गेली आणि तिथे संकेत संपला. पुढचा तुकडा कधीतरी पीव्हीसीचा झाला होता, आणि प्लॅस्टिकमधून हा संकेत जात नाही. सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपात त्यांनी लवचिक सळईच्या टोकाला छोटा ट्रान्समीटर बांधून आत सरकवला आणि त्याचा माग वरून घेतला. ज्या पाइपाचे तोंड उघडे आहे, त्याच्यासाठी ही युक्ती फार चांगली आहे.

उरलेल्या भागासाठी जमिनीत लहरी सोडणारे रडार, म्हणजे जीपीआर, आणले होते. गवत कापण्याच्या यंत्रासारखी ही गाडी आखलेल्या रेघांवरून ढकलत न्यायची असते, आणि खाली पाइप आडवा आला की पडद्यावर उलट्या वाटीसारखी वक्र आकृती उमटते. प्लॅस्टिकही यात दिसू शकते, म्हणून लोकांचा या यंत्रावर फार विश्वास असतो. पण गोव्याच्या जमिनीत त्याला कठीण जाते, हे तंत्रज्ञांनी स्वतःहून पडद्यावर दाखवून सांगितले. जांभ्याच्या दगडात पोकळ्या असतात आणि त्यांची आकृती पाइपासारखी भासते. चिकण आणि ओली माती लहरी शोषून घेते. आणि खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, किंवा किनाऱ्यालगत, जिथे खारे पाणी जमिनीत मुरलेले असते, तिथे रडारला जवळपास काहीच दिसत नाही. पाइप जितका खोल तितका तो जाड असावा लागतो. साधारण हिशेब असा की एक मीटर खोलीवर दहा सेंटिमीटरपेक्षा बारीक पाइप सापडेलच असे धरू नये. बिनधातूची फायबर केबल तर बोटाएवढी जाड असते. एप्रिलमध्ये जमीन कोरडी असल्यामुळे आमच्याकडे बराच भाग वाचता आला, पण सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्याजवळचा नऊ मीटरचा पट्टा पाझरामुळे ओला होता आणि तिथे पडदा सगळा राखाडी राहिला.

त्या नऊ मीटरांवर ज्येष्ठ तंत्रज्ञाने पांढऱ्या रंगाने तिरप्या रेघा मारल्या आणि अहवालात लिहिले: ‘हा भाग तपासता आला नाही. येथे वाहिनी नाही असे समजू नये. यंत्राने खोदू नये.’ फोनवरच्या गृहस्थांनी दिलेली हमी आणि हे वाक्य यांत जो फरक आहे, त्यावरच मी या सेवेची किंमत ठरवतो. रंगीत रेघांनी भरलेला आराखडा हातात आला की रेघा नसलेली जागा मोकळी आहे असे वाटू लागते, आणि जेसीबीचा चालक नेमका त्याच समजुतीने बकेट खाली टाकतो. आम्ही तो पट्टा चार मजुरांकडून पहार आणि फावड्याने खोदून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊण मीटर खोलीवर नारिंगी प्लॅस्टिकची नळी सापडली आणि तिच्या आत फायबर होते. सोसायटीत कोणालाही तिची माहिती नव्हती, आणि फाटकापर्यंत खूण करून गेलेल्या कंपनीची ती नव्हती.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे चाचणी खड्डे. यंत्र खोलीचा अंदाज देते. वाहिनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिची खोली कोणी खात्रीने सांगू शकत नाही. केबल टाकण्याविषयीच्या भारतीय मानकात, आयएस १२५५ मध्ये, कमी दाबाच्या केबलसाठी ०.७५ मीटर आणि ११ केव्हीपर्यंतच्या (११,००० व्होल्टपर्यंतच्या) केबलसाठी ०.९ मीटर खोली सांगितली आहे. आमच्या केबलची खोली यंत्रावर ०.६२ मीटर दिसली. हाताने खोदलेल्या पहिल्या खड्ड्यात ती ०.५८ मीटरवर, आणि वाहनतळाजवळच्या दुसऱ्या खड्ड्यात अवघ्या ०.४१ मीटरवर सापडली, कारण काही वर्षांपूर्वी फरशा बसवताना तिथली माती खरवडून जमीन सपाट केली होती. केबल जागेवरच राहिली आणि वरची जमीन खाली गेली. एका ठिकाणची खोली पाहून पुढच्या दहा मीटरांचा हिशेब मांडणे किती धोक्याचे आहे, हे त्या दिवशी कंत्राटदारालाही पटले. लाल रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर यंत्र न चालवण्याचा नियम त्याने त्यानंतर तक्रार न करता पाळला.

आता उणिवा. दोन दिवसांत मिळायचा अहवाल सहाव्या दिवशी आला आणि तोवर कंत्राटदाराची माणसे थांबून राहिली. आराखड्यातली काही मापे सुरक्षारक्षकाच्या प्लॅस्टिकच्या केबिनपासून घेतलेली होती, आणि केबिन उद्या हलवली तर त्या मापांना काही अर्थ उरणार नाही. आम्ही आग्रह धरल्यावर ती इमारतीच्या कोपऱ्यांपासून पुन्हा घेऊन दिली. जमिनीवरचा रंग वाहनांच्या चाकांनी आणि वळवाच्या एका सरीने पुसट झाला. महत्त्वाच्या वळणांवर खुंट्या किंवा खिळे ठोकायला त्यांनी सुरुवातीलाच सुचवायला हवे होते. चाचणी खड्डे दरपत्रकात धरलेले नव्हते, त्यासाठी मजूर आम्हीच लावले. माझ्या मते खड्ड्यांशिवायचे दरपत्रक कोणी स्वीकारू नये.

एकट्या घरासाठी ही सेवा घ्यावी का, असे मला दोघांनी विचारले. अंगणात झाड लावायचे असेल तर चेंबरांची झाकणे उघडून पाहणे, जुन्या प्लंबरशी बोलणे आणि हाताने सावकाश खोदणे पुरेसे आहे. यंत्राने चर, टाकी किंवा पाया खोदायचा असेल, तर २०-२५ हजारांचा हा खर्च मी निःसंकोच करायला सांगेन. पाइपचा गॅस पोचलेल्या भागात आधी गॅस वितरकाला कळवावे, कारण त्यांच्या पिवळ्या प्लॅस्टिक वाहिन्या केबल शोधणाऱ्या यंत्राला दिसत नाहीत आणि तिथली चूक केबल तुटण्यापेक्षा भयंकर असते. किनाऱ्याजवळ किंवा खाजनाला लागून जागा असेल, तर रडारचे वेगळे पैसे मोजण्यापूर्वी तिथे त्याचा काय उपयोग होईल, ते लेखी विचारावे.

चर बुजवण्यापूर्वी आम्ही नव्या जलवाहिनीची आणि सापडलेल्या प्रत्येक वाहिनीची मापे इमारतीच्या कोपऱ्यांपासून टेपने घेतली, छायाचित्रे काढली आणि पाइपाच्या एक फूट वर इशारा देणारी पट्टी अंथरली. तो आराखडा आता मीटरघरात लावला आहे. मागच्या गटाराचे काम येत्या जानेवारीत निघणार आहे, आणि त्यासाठी याच दोन तंत्रज्ञांना बोलावण्याचे सभेत ठरले आहे. या वेळी दरपत्रकात चार चाचणी खड्डे, खुंट्या आणि अहवालाची तारीख लिहून मागितली आहे.