अटलांटिक ओलांडायचाय: उत्तरेचं धुकं की दक्षिणेचं ऊन?

बंदरं बघायची हौस नाही, समुद्रातले निवांत दिवसच हवेत, असं ठरलं असेल तर अटलांटिकवर दोन वाटा आहेत. पहिली साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क. २००४पासून धावणारी ‘क्वीन मेरी २’ ही बोट ती वाट सहसा सात रात्रींत कापते, बहुतेक वेळा मध्ये कुठेही न थांबता. दुसरी वाट शरद ऋतूतली. भूमध्य समुद्रातला हंगाम संपला की तिथल्या बऱ्याच क्रूझ बोटी कॅरिबियनकडे निघतात. बार्सिलोनाहून फ्लोरिडाला साधारण दोन आठवडे. बोट न्यायचीच असते, म्हणून दिवसाचं भाडं बहुधा कमी पडतं.

मात्र दोन आठवड्यांच्या आकड्याला भुलू नका. सुरुवातीचे बरेच दिवस बंदरांत जातात. खरा समुद्र सुरू होतो तो कॅनरी बेटं मागे पडल्यावर, आणि मग सहा-सात दिवस नुसतं पाणी. म्हणजे सलग दिवस दोन्हीकडे जवळपास सारखेच. माझ्या मते मोजायचे ते हेच. पहिले दोन दिवस माणूस बोट बघत हिंडतो, तिसऱ्या दिवशी कुठे खुर्चीत टेकतो. चौथ्या दिवशी बंदर आलं की पुन्हा बूट घालून रांगेत उभा.

फरक आहे तो हवेत. उत्तरेला गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी आणि लॅब्राडोरचा गार प्रवाह न्यूफाउंडलंडजवळ भेटतात आणि धुकं दाटतं. तेव्हा दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा होतो. अंगावर घोंगडी, हातात पुस्तक, समोर कठड्यापलीकडे सगळं पांढरं, आणि तो खर्जातला आवाज छातीत घुमतो. इथं उघड्यावर पोहणं विसरा. पण सातव्या डेकवर बोटीला पूर्ण वळसा घालणारी चालायची वाट आहे. तीन फेऱ्यांत पावणेदोन किलोमीटर होतात. ग्रंथालय मोठं आहे. संध्याकाळी नटायचे एक-दोन दिवस असतात, तेव्हा ठेवणीतली पैठणी जरूर न्या.

दक्षिणेला ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे पाठीशी असतात, १४९२मध्ये कोलंबस गेला त्याच वाटेवर. वारा आणि बोट एकाच दिशेला, म्हणून डेकवर झोंबत नाही. ऊन दिवसागणिक वाढतं, उडणारे मासे पाण्यावरून चकाकत जातात. फक्त अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, हे ध्यानात ठेवा.

बोट लागत असेल तर उत्तरेला ‘क्वीन मेरी’च बरी. ती लांब समुद्रप्रवासासाठीच बांधलेली आहे, कवच जाड आणि बूड खोल. केबिन मात्र दोन्हीकडे खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर घ्या.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा दोन्हीकडे लागतोच. शिवाय उत्तरेसाठी ब्रिटनचा, दक्षिणेसाठी शेंगेनचा, म्हणजे स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच. लेकीकडे न्यू जर्सीला चाललेल्या आईबाबांना मी साउदॅम्प्टनचीच वाट सुचवेन. विमानासारखी सामानाची काटकसर नाही, आणि उतरायचं थेट न्यूयॉर्कला. नुसतं ऊन खात पडायचं असेल तर दक्षिण.

कुठलीही घ्या, पण पूर्वेकडून पश्चिमेला जा. ब्रिटन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांचा फरक, त्यामुळे वाटेत पाच वेळा घड्याळ तासभर मागे येतं आणि पंचवीस तासांचे पाच दिवस मिळतात. उलट निघालात तर तेच पाच तास झोपेतून किंवा दुपारच्या चहातून कापले जातात.